मागच्या नटाचा पाना

मित्रांनो, मला पाहून तुम्ही मला पाना म्हणणार नाही. माझी लांबी जेमतेम तुमच्या तळहाताएवढी. एका टोकाला गोल कडे आहे, तेही घासून पातळ केलेले. मधोमध मी गुडघ्यासारखा वाकलेलो आहे आणि दुसरे टोक सरळ कापून टाकलेले आहे. अंगावरचा बाराचा आकडा मात्र अजून वाचता येतो. चाकणला आंबेठाण रस्त्यावर ज्योतीराम मिस्त्रींचे गॅरेज होते. तिथे मी एकोणीस वर्षे काम केले. माझी गोष्ट खरे तर जन्मापासून सांगायला हवी, पण मला आधी तो गुरुवार सांगायचा आहे. त्यानंतर आमच्या गॅरेजात साधा दिवस उगवला नाही.

गुरुवार हा आमचा कामाचा वार. या भागातल्या बऱ्याच कंपन्यांना गुरुवारी सुट्टी असते. कामगारांची ने-आण करणाऱ्या गाड्या त्या दिवशी मोकळ्या असतात आणि गॅरेजच्या दारात येऊन उभ्या राहतात. त्या सकाळी गोरक्षची गाडी आली. गोरक्ष खराबवाडीचा. शुक्रवारी पहाटे साडेपाचला त्याला पहिल्या शिफ्टची माणसे उचलायची होती.

"मेस्तरी, क्लच बसलाय," तो म्हणाला. "दाबला की खाली जातोय, वर यायचं नाव न्हाई. दोन दिस झालं, पायाच्या अंगठ्यानं पेडल उचलून गिअर टाकतोय."

"दोन दिवस? मग आजच कशाला आलास? अंगठा अजून शाबूत दिसतोय."

"आज सुट्टी हाय म्हणून आलो."

मिस्त्रींनी पायाखालची रबरी चटई उचलली. खाली ब्रेक ऑइलचे थारोळे साचले होते आणि पत्र्याचा रंग फुगून सुटला होता.

मित्रांनो, या गाडीत पेडल आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये तार नसते, तेल असते, ब्रेकला लागते तेच. पेडल दाबले की वरचा सिलिंडर ते तेल नळीतून खाली ढकलतो आणि क्लच सुटतो. वरचा सिलिंडर गळू लागला की पेडलाच्या पाठीशी कुणी उरत नाही. तो सिलिंडर दोन नटांवर बसतो. पुढचा नट बोनेट उघडले की समोर दिसतो. मागचा नट ब्रेकचा मोठा गोल डबा आणि इंजिनमागचा पत्रा यांच्या फटीत असतो. तिथे मोठ्या पुरुषाचा हात जात नाही. मी त्या एका नटासाठी आहे. दुसरे कोणतेही काम मला येत नाही.

मिस्त्रींची मुलगी वर्षाली त्या दिवशी गॅरेजातच होती. ती वाकडला राहते आणि हिंजवडीत नोकरी करते. गुरुवारी तिला घरून काम करता येते, म्हणून ती आई-वडिलांकडे आली होती. घरची वीज गेल्यामुळे लॅपटॉप घेऊन आमच्या इन्व्हर्टरशेजारी स्टुलावर बसली होती.

"ताई," गोरक्षने विचारले, "तुमच्या त्या कंपूटरात क्लच दुरुस्त करनारं काय निघालं का न्हाई अजून?"

"निघालंय की. त्याला नवी गाडी म्हणतात."

गोरक्ष खो खो हसला. मिस्त्रीही हसले आणि मला खिळ्यावरून काढत म्हणाले, "हिला विचारू नकोस. आठ वर्षांची होती तेव्हा मागचा नट हीच बसवायची. पुढं हिचा हात मोठा झाला, म्हणून हा पाना करावा लागला."

हे ते प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत. वर्षालीने लॅपटॉपवरून मान वर केली नाही.

मित्रांनो, तिचा हात मोठा झाला नव्हता. हे मी तुमच्यापासून लपवून ठेवत नाही. मला स्वतःला ते त्याच गुरुवारी दुपारी कळले.

आता माझ्या जन्माचे. आठ पान्यांच्या संचात मी चारचौघांसारखा सरळ पाना म्हणून आलो. मिस्त्री तेव्हा धाराशिवकडून येऊन नुकतेच स्थिरावले होते. गॅरेज म्हणजे चार पत्रे आणि एक बाभूळ. वर्षाली शाळा सुटली की तिथेच यायची. त्या काळी मागचा नट ही मिस्त्रींची मोठी अडचण होती. एके दिवशी त्यांनी गाडीच्या मडगार्डवर गोणपाट अंथरले, मुलीला त्यावर बसवले आणि तिच्या बोटांत नट दिला.

"डोळे मीट," ते म्हणाले. "हा नट डोळ्यांनी बसत नाही, बोटांनी बसतो. आटे धरले की मला सांग."

हात आत घालून ती बोटांनी चाचपत राहिली. मग म्हणाली, "धरले, अप्पा."

मी पेटीत पडून ऐकत होतो. नंतर कितीतरी वेळा ते दोन शब्द मी ऐकले. रस्त्यापलीकडचे मिस्त्रीसुद्धा "जरा पोरीला पाठवता का" म्हणून निरोप धाडत. ज्योतीराम तिला खांद्यावर बसवून घेऊन जात.

सातवीत असताना एका गुरुवारी ती दारातच उभी राहिली. म्हणाली, "अप्पा, आता माझा हात जात नाही तिथं."

मिस्त्रींनी तिचा हात आपल्या हातात घेतला, उलटा-पालटा करून पाहिला. "झाली की मोठी," ते म्हणाले. त्यांना आनंद झाला होता. मी शपथेवर सांगतो, त्यांना आनंदच झाला होता.

मग त्यांनी पेटीतून मला उचलले. करवतीने माझे अर्धे अंग कापले. माझे कडे सहाणेच्या दगडावर धरून पातळ केले. गॅसच्या ज्योतीवर लाल होईपर्यंत तापवून मला वाकवले, गाडीत घालून पाहिले, पुन्हा तापवले, पुन्हा वाकवले. लोखंड असे तापवले की त्याचे पाणी उतरते, ते मऊ पडते. म्हणून शेवटी मला जुन्या इंजिन ऑइलमध्ये बुडवून पुन्हा पाणी दिले. दिवस मावळला तेव्हा मी जसा आहे तसा झालो होतो. मला एका मुलीच्या हाताच्या मापाने घडवले होते.

मी मनापासून काम केले. नट सोडवायला माझ्यासारखा कुणी नव्हता. पण बसवणे मला कधी नीट जमले नाही. माझ्या कड्यात ग्रीस भरून मिस्त्री त्यात नट चिकटवत आणि अंदाजाने मला आत सरकवत. लोखंडाला आटे कळत नाहीत. नट तिरका लागायचा, पडायचा. मुलीची बोटे जे काम मिनिटात करत, त्याला मला तास लागायचा, कधी दोन. तेवढा वेळ मिस्त्री मडगार्डवर छाती टेकून वाकलेले असत. पत्र्याची कड छातीच्या डाव्या अंगाला रुतायची आणि तिथे काळानिळा वळ उठायचा. छातीखाली गोणपाट घेतले तर ते दोन बोटे उंच होत आणि हात पोचत नसे, म्हणून ते गोणपाट घेत नसत.

"पत्रा लागला," असे ते म्हणायचे. या धंद्यात वाकून काम करणाऱ्या कुणालाही विचारा, हे दुखणे त्याला माहीत असते. संध्याकाळी बाम चोळायचा, दुसऱ्या दिवशी विसरायचे. एकोणीस वर्षे पत्रा लागत होता आणि उतरत होता.

माझेही कौतुक झाले. लोक मला उसने न्यायचे. माझी नक्कल करायचा दोघातिघांनी प्रयत्न केला, पण त्यांचे पाने मोडले. खंडेनवमीला हत्यारांची पूजा व्हायची तेव्हा मिस्त्रींच्या पत्नी कौशल्याबाई पहिले कुंकू मला लावत. अशाच एका खंडेनवमीला त्या शेजारणीला हसत हसत सांगत होत्या, "आमची वर्षा सातवीत होती ना, तेव्हा वर्गातल्या पोरी हिच्या बाकावर बसायच्या नाहीत. ब्रेक ऑइलचा वास येतो म्हणायच्या. ही घरी येऊन साबणानं बोटं घासत बसायची, लाल होईपर्यंत."

मिस्त्री पाठमोरे उभे होते. ते म्हणाले, "मला कुणी सांगितलं नाही हे."

"त्यात काय सांगायचं? पोरीपोरींचं भांडण."

मिस्त्री माझ्याकडे वळले. त्यांनी मला फडक्याने पुसले. नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ पुसले आणि खिळ्याला अडकवले. त्यांच्या मनात काय आले ते मला माहीत नाही. गिऱ्हाइकांना मात्र ते पुढेही तेच सांगत राहिले, की मुलीचा हात मोठा झाला.

पुढे नव्या गाड्या आल्या. त्यांच्यात माझ्या कामाची फटच नसते. महिनोन् महिने मी खिळ्यावर धूळ खात असे. त्या जुन्या जातीच्या गाड्या एकेक करून भंगारात गेल्या आणि चाकणात शेवटी गोरक्षसारख्या तिघाचौघांकडेच उरल्या.

आता पुन्हा त्या गुरुवारकडे येतो.

जुना सिलिंडर दुपारपर्यंत सुटला. मागचा नट मी पाव तासात सोडवला. गोरक्ष "पाचला येतो" म्हणून जेवायला गेला. मिस्त्रींनी नवा सिलिंडर बसवला, पुढचा नट लावला, आणि मला ग्रीस भरून आत घातले. वर्षालीने लॅपटॉप मिटला आणि बॅटरी धरून उभी राहिली.

नट पडला. दुसऱ्यांदा पडला. तिसऱ्यांदा तिरका लागून पडला. मिस्त्रींचा श्वास माझ्यावर येत होता. त्या दिवशी तो नेहमीपेक्षा जोरात येत होता.

"अप्पा, जरा बसा."

"बसलो की अंदाज जातो."

चौथ्या वेळी नटासकट मीच त्यांच्या बोटांतून निसटलो आणि खाली नळीच्या बेचक्यात जाऊन अडकलो. मिस्त्री सरळ झाले. त्यांच्या कपाळावर घाम होता. त्यांनी छातीवर तळहात दाबून धरला.

"पत्रा लागला," ते म्हणाले. "तोंड धुऊन येतो. मग चुंबक लावून काढू."

ते मागच्या नळावर गेले. वर्षालीने तिकडे पाहिले. तिने घड्याळ काढून ठेवले, बाही वर सारली आणि हात आत घातला.

मित्रांनो, तो हात कुठेही अडला नाही. डबा आणि पत्रा यांच्यामधून तो जसा यायला हवा तसा आला. ज्याच्या मापाने मला केले होते, त्या हाताने मला एकोणीस वर्षांनी पहिल्यांदा धरले. तिने मला बाहेर काढून मडगार्डवर ठेवले. पुन्हा हात घातला आणि नट शोधला. पण तो घेऊन हात बाहेर आला नाही. तिने डोळे मिटले. मी पाहत होतो. बोटांनी नट जागेवर नेला, किंचित मागे फिरवला, मग पुढे. आटे धरले. एक फेरा झाला, वर आणखी अर्धा.

नळ बंद झाला. चपलांचा आवाज आला.

तिने तसेच राहू दिले असते तर मिस्त्रींनी विचारले असते, आणि तिला एक वाक्य बोलावे लागले असते. तिने नट उलटा फिरवला. आधी अर्धा फेरा, मग एक. तो काढून तिने माझ्याशेजारी ठेवला आणि बोटे ओढणीच्या आतल्या बाजूला पुसली.

"निघाला का?" मिस्त्रींनी विचारले.

"हो. चुंबकानं काढला."

"हुशार," ते म्हणाले आणि पुन्हा वाकले.

त्यानंतर दीड तास गेला. नट आणखी तीन वेळा पडला. मी माझ्याकडून होईल तेवढे केले. अखेर आटे धरले तेव्हा मिस्त्री काही वेळ तसेच वाकून राहिले, जसे काही ते उठायचेच विसरून गेले आहेत. मग त्यांनी नट आवळला आणि नळी जोडली. तेल भरून झाल्यावर वर्षाली चालकाच्या जागेवर बसली आणि मिस्त्री गाडीखाली शिरले. नळीत अडकलेली हवा काढायला दोन माणसे लागतात.

"दाब."

"दाबलं."

"धरून ठेव."

"धरलंय."

"सोड."

हे त्यांनी दहा-बारा वेळा केले. मिस्त्रींचा आवाज खुशीत होता. पाचला गोरक्ष आला, त्याने पेडल दाबून पाहिले आणि म्हणाला, "लोण्यावानी झालंय, मेस्तरी. आता अंगठ्याला सुट्टी."

वर्षालीला सहा वाजता ऑफिसची मीटिंग होती. बॅग भरता भरता तिने विचारले, "दुखतंय का फार?"

"नेहमीचंच. तू नीघ, वाकडच्या पुलावर गर्दी होईल."

ती निघाली. त्यांनी मला पुसले, खिळ्याला अडकवले, आणि शटर ओढले. शुक्रवारी ते उघडले नाही. शनिवारीही नाही.

पुन्हा प्रकाश आला तेव्हा तेरावा होऊन गेला होता. जागा महिनाअखेर मालकाला परत द्यायची होती, म्हणून कौशल्याबाई आणि वर्षाली सामान काढायला आल्या होत्या. मदतीला गोरक्ष आला होता. काय घडले ते मला तिथे कळले. कौशल्याबाई गोरक्षला सांगत होत्या. मला वाटते, तेरा दिवस आलेल्या प्रत्येकाला त्या हेच सांगत असाव्यात, कारण शब्द घासून गुळगुळीत झाले होते.

"जेवले नाहीत त्या दिवशी. म्हणाले, पत्रा लागलाय, बाम दे. मी चोळत बसले. जिथं दुखत होतं तिथंच चोळत होते रे मी. पहाटे हाक मारली तर ओ दिली नाही. डॉक्टर म्हणाले, हे दुपारीच सुरू झालं असणार. दुपारी नेलं असतं तर. मला का नाही कळलं? इतकी वर्षं संसार केला, पत्रा कुठला आणि काळीज कुठलं, मला ओळखता आलं नाही."

"काकू, आमालाबी पत्राच वाटला असता," गोरक्ष म्हणाला.

"तुला वाटला असता. मी घरची होते. माझ्यामुळंच गेले ते."

वर्षाली पेटीत पाने मांडत होती. तिचे हात थांबले. मग पुन्हा चालू झाले.

दुपारपर्यंत गॅरेज रिकामे झाले. जॅक कुणी नेला, लोखंड पकडून ठेवायचा शेगडा कुणी. साधे पाने लगेच गेले. मला कुणी हात लावला नाही, कारण मी कशाचा आहे तेच कुणाला कळेना. शेवटी गोरक्षने मला खिळ्यावरून काढले आणि तळहातावर धरून तो उगाच हसला.

"ह्यो कुनाला काय कामाचा. माझीबी गाडी मार्चात भंगारात चाललीया. मेस्तरी सांगायचे, पोरीचा हात मोठा झाला तवा केला म्हनून."

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या वस्तू गोष्ट संपवताना तुमच्याकडे काहीतरी मागतात. मी स्वतःसाठी काही मागत नाही. माझे काम संपले आहे आणि तो नट जगातून नाहीसा होतो आहे. एवढेच सांगतो, की तुमच्या घरी कुणी वाकून काम करत असेल आणि त्याच्या छातीत दुखू लागले, तर पत्र्याला दोष देऊ नका, त्याला दवाखान्यात न्या. आणि तुमचा हात जिथे पोचतो तिथे तो घाला. मी हाताच्या जागी एकोणीस वर्षे होतो. हाताच्या जागी दुसरे काही चालत नाही, हे माझ्याहून जास्त कुणाला माहीत नाही. हे ऐकून कुणाचे काही भले होईल, अशी मला फारशी आशा नाही. ज्यांचे व्हायचे होते ते गेले.

गोरक्षने मला कौशल्याबाईंच्या हाती दिले. त्यांनी मला पदराने पुसले. म्हणाल्या, "याच्या जिवावर त्यांनी निभावलं. हाच काय तो सोबतीला होता. नाहीतर मी, बाम चोळत बसणारी."

"आई, थांब," वर्षाली म्हणाली. "तू नको म्हणूस तसं."

तिने मला आईच्या हातातून घेतले. कौशल्याबाई तिच्याकडे पाहत राहिल्या. गोरक्षने उंबऱ्यापाशी चप्पल शोधायचे थांबवले. गाडी जिथे उभी राहायची तिथे फरशीवर तेलाचे काळे डाग होते. वर्षाली तिथे जाऊन उभी राहिली.  तिच्या मुठीत मी गरम झालो होतो.

मग ती कुणाकडेही न बघता, पण सगळ्यांना ऐकू जाईल असे बोलली.

"अप्पा, माझा हात जात होता. सातवीतही जात होता. त्या गुरुवारीही गेला. मी आटे धरले होते, अप्पा, आणि मीच सोडले."